ना स्फटिक, ना कमळ

‘क्रिस्टल लोटस’ नावाची एक वस्तू ऑनलाइन कुठेही मिळते. तळहातावर मावेल एवढी, पारदर्शक, पाकळ्यापाकळ्यांची. ईशान्येच्या कोपऱ्यात ठेवायची, जवळ दिवा लावला की भिंतीवर रंगांचे कवडसे पडतात आणि घरात म्हणे पॉझिटिव्ह एनर्जी येते. एनर्जीचं मी सोडून देते, त्यावर भांडून दमलेले लोक पुष्कळ आहेत. माझी तक्रार त्याहून साधी आहे. ही वस्तू बहुतेक वेळा काचेची असते, आणि काच म्हणजे स्फटिक नव्हे. पाकळ्या बघाव्यात तर त्या अरुंद, टोकदार, कुमुदिनीसारख्या. म्हणजे नावातल्या दोन शब्दांपैकी दोन्ही खोटे.

ही वस्तू विकणाऱ्यावर माझा राग नाही. तो दुकानदार आहे. माझं भांडण आहे ते तीच वस्तू मोठ्या आकारात, मोठ्या किमतीत आणि मोठ्या शब्दांत करणाऱ्या कलाकारांशी. इन्स्टाग्रामवर अशा बायोंची रांग लागलेली दिसेल: ‘स्फटिक आणि कमळ यांच्यापासून प्रेरणा घेणारी कलाकार’. रेझिनमध्ये सोनेरी वर्ख, जांभळट खड्यांची कडा, मधोमध कमळ. खाली चार ओळी: चिखलातून उमलणं, अंतर्मनाची पारदर्शकता, निसर्गाची भूमिती. कुठलं कमळ? माहीत नाही. कुठला स्फटिक, कुठल्या खाणीतला, कोणी काढलेला? हे विचारणंच असभ्य मानलं जातं.

मी सॉफ्टवेअर लिहिते. आमच्याकडे दुसऱ्याचा कोड वापरायचा तर एका फाइलमध्ये त्याचं नाव आणि व्हर्जन लिहावं लागतं. बहुतेक मुक्त परवान्यांची तर किमान अट हीच असते की मूळ लेखकाचं नाव पुसू नका. कंपन्या यातही लबाड्या करतात, पण लबाडी केली हे निदान दाखवून देता येतं. कलेत मात्र ‘प्रेरणा’ हा असा परवाना झालाय की ज्यात सगळं घ्यायची मुभा आहे आणि कोणाचंही नाव घ्यायची सक्ती नाही.

तुम्ही म्हणाल, ही इंजिनिअर बाई कवितेत व्याकरण काढायला बसली आहे. काच काय, स्फटिक काय, बघणाऱ्याला काय फरक पडतो? पडतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आम्हाला स्फटिकांची रचना होती. परीक्षेपुरती पाठ केली आणि विसरलो, पण मुद्दा डोक्यात राहिला: स्फटिक म्हणजे अणूंचा एक छोटा नमुना, युनिट सेल, तिन्ही दिशांना पुन्हा पुन्हा, न चुकता मांडलेला. आमच्या भाषेत सांगायचं तर लूप. मिठाचा खडा चौकोनी फुटतो तो याच शिस्तीमुळे. काचेत अणू असतात, पण ही दूरवर चालणारी शिस्त नसते. वितळलेला पदार्थ रांगेत उभं राहायला वेळ न मिळता गोठला, एवढंच. ज्या गोष्टीसाठी स्फटिकाचं कौतुक करायचं, नेमकी तीच काचेत नाही.

कमळाचंही तसंच. कमळाचं पान गोल असतं, त्याला चीर नसते, देठ मधोमध जोडलेला असतो आणि मोठं पान पाण्याच्या वर दांड्यावर उभं राहतं. कुमुदिनीचं पान पाण्यावर पसरतं आणि त्याला कडेपासून मध्यापर्यंत एक चीर असते. कमळाच्या फुलाच्या मधोमध शॉवरच्या तोटीसारखा चपटा भाग असतो, त्यातून कमळगट्टे निघतात. वनस्पतीशास्त्राच्या आजच्या वर्गीकरणात तर कमळ आणि कुमुदिनी एकमेकांचे जवळचे नातेवाईकही नाहीत. आणि कमळ निळं नसतं. ज्याला आपण नीलकमळ म्हणतो ती निळी कुमुदिनी. निळं कमळ शोधायचंच असेल तर ते लग्नाच्या हॉलमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर सापडेल.

आता या जमातीतल्या सगळ्यात मोठ्या कलाकाराकडे जाऊ. त्याला तुम्ही स्थापत्यकार म्हणा किंवा माळी म्हणा. जोसेफ पॅक्सटन. इंग्लंडमध्ये चॅट्सवर्थ इथे ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या बागेचा हा मुख्य माळी. दक्षिण अमेरिकेतून आलेली एक अवाढव्य कुमुदिनी त्याने १८४९च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये पहिल्यांदा फुलवून दाखवली. त्यासाठी गरम पाण्याचा हौद बांधला आणि पाणी हलतं राहावं म्हणून त्यात छोटी चाकं बसवली. पान एवढं मोठं नि मजबूत की त्याने स्वतःच्या सात वर्षांच्या मुलीला, ॲनीला, त्यावर उभं केलं. पानाच्या खालच्या बाजूला शिरांचं जाळं असतं, मध्यापासून कडेकडे फुटत जाणारं, आडव्या शिरांनी बांधलेलं. पुढच्याच वर्षी लंडनच्या महाप्रदर्शनासाठी इमारत हवी होती. पॅक्सटनने लोखंड, लाकूड आणि काचेचा आराखडा दिला, तो मंजूर झाला, आणि १८५०च्या नोव्हेंबरात सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये भाषण देताना त्याने ते पानच लोकांसमोर धरलं. गोष्ट जन्माला आली: पानातून महाल.

१८५१च्या मे महिन्यात हाइड पार्कात उघडलेल्या त्या इमारतीची लांबी होती १८४८ फूट. जवळजवळ तीन लाख काचा. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकामुळे तिला नाव चिकटलं ‘क्रिस्टल पॅलेस’. म्हणजे जगातला सर्वांत मोठा क्रिस्टल लोटस. स्फटिक नव्हता, काच होती. कमळ नव्हतं, कुमुदिनी होती.

पॅक्सटनबद्दल मला आदर आहे, हे आधीच सांगते. त्याचे हात चिखलात होते. ते झाड त्याने जगवलं, त्याची पानं मोजली, त्याच्यासाठी वेगळं काचघर बांधलं. आजच्या बायोवाल्यांपैकी किती जणांनी कमळाचा एक कंद बादलीत लावलाय? पण त्याची प्रेरणेची गोष्ट जरा जास्तच गुळगुळीत आहे. पन्हळीसारखं चढउतारांचं काचेचं छप्पर त्याने १८३०च्या दशकातच वापरलं होतं, ती कुमुदिनी फुलण्याच्या कितीतरी आधी. आणि त्या छपराची कल्पना त्याच्याही आधी जॉन लाउडन नावाच्या माणसाने मांडली होती. हाइड पार्कातलं छप्पर आलं ते वर्षानुवर्षं काचघरं बांधण्याच्या सवयीतून. पानाने आधार दिला असेल, पण भाषणात पान एकटंच उभं राहिलं, कारण पान क्रेडिट मागत नाही. लाउडन मागू शकला असता, पण तो १८४३मध्येच वारला होता.

झाडाच्या नावाचीही गंमत बघा. ब्रिटिश गियानात एका मोहिमेवरच्या माणसाला ते १८३७ साली दिसलं आणि त्याच वर्षी लंडनमध्ये त्याचं नाव ठेवलं गेलं व्हिक्टोरिया रेजिया, नुकत्याच गादीवर आलेल्या राणीवरून. ज्या नद्यांकाठी अशी झाडं वाढतात तिथल्या लोकांकडे नावं होतीच; ग्वारानी भाषेत या जातीच्या वनस्पतीला इरुपे म्हणतात. प्रदर्शनात पान आलं, राणी आली, इरुपे आलं नाही.

आणि त्या काचेच्या महालात एक खरा स्फटिक होता. कोहिनूर. हिरा म्हणजे कार्बनचा स्फटिक, शिस्तीचा कळस. १८४९च्या लाहोरच्या तहात तो इंग्लंडच्या राणीकडे सोपवण्याचं कलमच घातलेलं होतं, आणि तो सोपवणारा राजा दुलीपसिंग तेव्हा दहा वर्षांचा होता. सोनेरी पिंजऱ्यात ठेवलेला तो हिरा बघायला लोकांनी गर्दी केली आणि हिरमुसून परतले, कारण भारतीय पद्धतीने घडवलेला तो दगड त्यांना हवा तसा चमकेना. मग १८५२मध्ये त्याला पुन्हा पैलू पाडले आणि १८६ कॅरटचा हिरा १०५ कॅरटवर आणला. प्रेरणेचा हा नमुना मला फार बोलका वाटतो. वस्तू हवी, तिचं मूळ नको, आणि ती आपल्या कल्पनेसारखी दिसत नसेल तर कापून तशी करायची.

पुढे हा महाल उचलून सिडनहॅमला नेला. तिथे भारतातून आणखी काहीतरी आलं. मेजर रॉबर्ट गिल हे नाव महानोरांच्या ‘अजिंठा’मुळे आणि त्यावरच्या सिनेमामुळे आपल्याला माहीत आहे, बहुतेकांना पारोसकट. १८४४मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करायला नेमलं. लेण्यांच्या मुलखात वर्षानुवर्षं राहून त्याने त्या केल्या, त्यातल्या बहुतेक सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या, आणि १८६६च्या डिसेंबरात तिथे आग लागून त्या जळाल्या. नंतर जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२पासून पुन्हा प्रती केल्या. त्यातल्याही कित्येक १८८५मध्ये लंडनच्याच दुसऱ्या आगीत गेल्या. उरलेल्यांवरून निघालेला भला थोरला ग्रंथ ग्रिफिथ्स यांच्या नावावर आहे. उन्हाळी-हिवाळी लेण्यात मान मोडून काम करणाऱ्या मुंबईच्या मुलांपैकी पेस्तनजी बोमनजींसारखं एखादं नाव आठवलं जातं. बाकीची कोणाला माहीत असतात?

अजिंठ्याची कमळं मात्र बघाच. पद्मपाणीसमोर सेल्फीची गर्दी असते म्हणून मान वर करून छत कोणी बघत नाही. पहिल्या, दुसऱ्या आणि सतराव्या लेण्यांची छतं कमळांनी भरलेली आहेत: कळी, अर्धं उमललेलं, पूर्ण उमललेलं, वळसे घेत जाणारे देठ, मध्येच हंस. पाचव्या शतकाचा उत्तरार्ध, वाकाटकांचा काळ. चित्रकाराने मोडतोडही भरपूर केली आहे, देठ त्याला हवे तिथे वळतात, पाकळ्या नक्षीत जाऊन बसतात. पण ही मोडतोड तळं बघितलेल्या माणसाची आहे. ज्याला नियम माहीत आहेत तो नियम मोडतो, ज्याला माहीत नाहीत त्याचं नुसतं चुकतं. आणि पद्मपाणीच्या हातातलं ते प्रसिद्ध फूल ‘नीलकमळ’ म्हणूनच ओळखलं जातं. म्हणजे काटेकोर बघायला गेलं तर कुमुदिनीच. पण संस्कृतात त्या फुलाला नीलोत्पल असा वेगळा शब्द होता. घोळ त्यांचा नाही, आपला आहे.

आणखी एक गोष्ट गाइड सहसा सांगत नाही. अजिंठ्याचा डोंगर म्हणजे दख्खनचा बसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा दगड. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या झाल्या, नंतर खनिजं विरघळलेलं पाणी त्यांत झिरपत राहिलं आणि आतल्या भिंतींवर स्फटिक वाढले. अजिंठ्यातला हिरवा रंग ‘ग्रीन अर्थ’ या खनिज मातीचा आहे, आणि अशी हिरवी खनिजं याच दगडाच्या पोकळ्यांत सापडतात. तांबडा आणि पिवळा गेरूचा. निळ्यासाठी मात्र लाजवर्द लागला, आणि तो पार अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून आला. स्फटिक आणि कमळ यांचा संबंध तिथे इतका साधा होता: एक कुटून दुसरं रंगवायचं.

या चित्रकारांची नावं आपल्याला माहीत नाहीत. सोळाव्या लेण्यातल्या शिलालेखात वराहदेव या मंत्र्याचं नाव आहे, कारण खर्च त्याचा. नाव दात्याचं, हात अनामिकाचा, ही पद्धत काही इंग्रजांनी आणलेली नाही. हे कबूल करूनच पुढे बोललं पाहिजे, नाहीतर सगळं खापर पॅक्सटनच्या डोक्यावर फोडून आपण मोकळे.

कारण ही पद्धत आज माझ्या घरापासून चार किलोमीटरवर चालू आहे. मी खराडीत काम करते आणि वाघोलीत भाड्याने राहते, माझ्यासारखे हजारो आहेत. आमच्यासाठी वाघोली म्हणजे ट्रॅफिक आणि टँकर. जगभरच्या खनिजसंग्राहकांसाठी वाघोली म्हणजे कॅव्हन्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकेट यांची आद्याक्षरं जोडून केलेलं नाव, गडद निळ्या सुयांचे गुच्छ, पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले. हे खनिज पहिल्यांदा सापडलं अमेरिकेत, ऑरेगनमध्ये, पण त्याचे जगातले सर्वोत्तम नमुने वाघोलीच्या दगडखाणींतले. लंडन-न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत लेबलवर ‘वाघोली’ असं छापलेलं असतं. दख्खनच्या इतर खाणींतून आणि विहिरींतून अपोफिलाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट निघतात. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय त्यांनीच भरलंय.

या खाणी स्फटिकांसाठी खोदलेल्या नाहीत. खडीसाठी खोदल्या. सुरुंग लावायचा, दगड फोडायचा, क्रशरमध्ये घालायचा, आणि त्या खडीतून आमचे टॉवर उभे राहतात. फोडताना एखादी पोकळी उघडते आणि आत निळं काहीतरी दिसतं. ते शाबूत बाहेर काढणं हे कसब आहे. पहार जरा चुकली की भुगा. हे कसब आहे पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणाऱ्या वडार समाजातल्या माणसांकडे आणि बाहेरून आलेल्या खाणमजुरांकडे, ज्यांच्या पोरांसाठी खाणीतच पाषाणशाळा भरवाव्या लागल्या. तोच अपोफिलाइट पुढे ‘हीलिंग क्रिस्टल’ होतो, त्यावर चांदण्यात ‘चार्ज’ करण्याच्या सूचना येतात, आणि शेवटी तो कोणाच्या तरी कलाकृतीच्या कडेला रेझिनमध्ये बसतो. दगड फोडणाऱ्याच्या छातीत जाणाऱ्या धुळीबद्दल कुठल्याच स्टेटमेंटमध्ये ओळ नसते. हीलिंग कोणाचं, हा प्रश्न मी उगाच विचारत नाही.

मध्यंतरी पुण्यात अशाच एका प्रदर्शनाला गेले होते. कलाकार स्वतः हजर होत्या, बोलायला छान होत्या. एका चित्रात अपोफिलाइटचे हिरवट खडे होते. मी विचारलं, हे कुठले? त्या म्हणाल्या, “हिमालयातले. व्हायब्रेशन्स वेगळी असतात ना तिकडची.” ताई, हे जळगाव-नगर-नाशिककडचे असण्याचीच शक्यता जास्त, असं मी म्हटलं, तर शेजारचे एक काका हसून म्हणाले, “अहो, कला बघा, दगड काय बघताय!” मला दगडच बघायचा होता. तोही तिथे लावलेला होता, किमतीत धरलेला होता.

हे वेगळ्या तऱ्हेने करता येतं, आणि एकदा केलेलंही आहे. क्रिस्टल पॅलेसच्या महाप्रदर्शनाला शंभर वर्षं झाली म्हणून १९५१मध्ये लंडनमध्ये फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन भरला. हेलन मेगॉ या स्फटिकशास्त्रज्ञ बाईंची कल्पना अशी की एक्स-रेने मिळालेले स्फटिकांचे नकाशे इतके देखणे आहेत तर त्यांचे पडदे, वॉलपेपर, बशा का करू नयेत? उत्पादक गोळा झाले. डोरोथी हॉजकिन यांच्या कामातलं इन्शुलिन, केंब्रिजमधल्या पेरुत्झ यांच्याकडचं हिमोग्लोबिन, स्वतः मेगॉ यांनी अभ्यासलेलं ॲफविलाइट, अशी एकेक रचना कापडावर आणि कागदावर उतरली, आणि नदीकाठचं रेगाटा रेस्टॉरंट त्यांनी सजलं. मला सगळ्यात आवडते ती नावांची पद्धत: ‘इन्शुलिन ८.२५’. पदार्थाचं नाव, पुढे आकृतीचा क्रमांक. एकदम सॉफ्टवेअरच्या व्हर्जनसारखं! इन्शुलिनची पूर्ण रचना उलगडायला १९६९ उजाडलं. वॉलपेपरवर होता तो अर्धवट समजलेला नकाशा. तरीही नाव नेमकं. यातली काही डिझाइन्स मला बटबटीत वाटतात, पण कुठलंही उचला, ते कशावरून आलं हे शोधत जाता येतं.

यावरचा नेहमीचा आक्षेप मला ठाऊक आहे. कलाकाराने सगळ्या तळटीपा द्यायच्या म्हटल्या तर चित्र कधी काढायचं? कमळ आपल्याकडे प्रतीक आहे, लक्ष्मीपासून राजकीय पक्षापर्यंत सगळ्यांचं. प्रतीकाला कसली जात आणि कसलं वर्गीकरण? या आक्षेपात अर्धं तथ्य आहे. प्रतीक म्हणून काढायचं तर जरूर काढा, रांगोळीतल्या कमळाला कोणी चीर विचारत नाही. पण मग ‘निसर्गापासून प्रेरणा’ म्हणू नका. म्हणा, रांगोळीपासून प्रेरणा, आजीने शिकवलेल्या ठिपक्यांपासून प्रेरणा. ते खरंही असेल आणि त्यात आजीचं नावही येईल. प्रतिष्ठा निसर्ग निरखण्याची घ्यायची आणि काम मात्र दुसऱ्याच्या मूडबोर्डवरून करायचं, याला माझा विरोध आहे. आता तर एआयला ‘अजिंठा स्टाइल लोटस विथ क्रिस्टल्स’ असं एका ओळीत सांगितलं की दहा सेकंदांत चित्र मिळतं, कोणाचं काय घेतलं ते कळायची सोय नाही. जे आधीपासून अशीच प्रेरणा घेत होते त्यांनी आता एआयच्या नावाने गळा काढावा, याचं मला हसू येतं.

आणि ज्यांना खरोखर स्फटिक आणि कमळ एकत्र हवेत त्यांच्यासाठी ते एकत्र आहेतच. कमळाच्या पानावर पाणी ठरत नाही, हे आपल्याला गीतेच्या दृष्टान्तातून माहीत आहे आणि अळवावरचं पाणी तर रोजच्या बोलण्यात आहे. ते का ठरत नाही, हे बॉन विद्यापीठातल्या विल्हेल्म बार्थलॉट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून १९९७च्या निबंधात नीट मांडलं. पानावर अतिसूक्ष्म उंचवटे असतात आणि त्या उंचवट्यांवर मेणाच्या बारीक नळ्या. त्या नळ्या म्हणजे मेणाचे स्फटिक. थेंब त्यांच्या टोकांवर तरंगतो, घरंगळतो आणि जाता जाता धूळ उचलून नेतो. पान बोटाने जोरात चोळलं तर मेण निघतं आणि तिथे पाणी चिकटायला लागतं. अळूचं पान वडी करण्याआधी नळाखाली धरून हा प्रयोग करता येतो.

ते स्फटिक कोणीतरी रंगवावेत अशी माझी फार इच्छा आहे. कॅव्हन्साइटही रंगवावा, वाघोलीच्या खडीच्या धुळीसकट. चौकटीखाली लेबल लावताना अंतर्मन, प्रवाह, ऊर्जा यांतलं काही नको. ‘कॅव्हन्साइट, वाघोलीची दगडखाण. काढणाऱ्याचं नाव विचारलं होतं, त्यांनी सांगायला नकार दिला’ एवढं जरी लिहिलेलं असेल, तरी मी त्या चित्रासमोर दहा मिनिटं उभी राहीन, आणि परवडत असेल तर विकतही घेईन.